कांदा, मोहरी आणि टाकीवरचा पिंपळ : झाडं मातीतून अन्न कशी मिळवतात

मुलुंडहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर पिंपळ उगवलाय. मातीचा कण नाही, तरी हिरवागार. माझ्या बाल्कनीतल्या जास्वंदीला शेणखत, हाडांचा चुरा, सगळं घालते, तरी नवी पानं पिवळीच येतात. शेजारच्या कुंडीतला गवती चहा मात्र टवटवीत. माती दोन्हीकडे तीच. झाडांकडे अन्न मिळवण्याच्या इतक्या वेगवेगळ्या तऱ्हा आल्या कुठून? आणि नर्सरीवाला मायकोरायझाची पावडर घ्या म्हणतो, ती घेऊ का?"

ताई, मी मुंबईत वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, आणि त्यातला मोठा काळ चाळणीवर मुळं धुण्यात गेला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पावडरीकडे येतोच, पण आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन गोष्टी मांडा.

एका बशीत ओला टिशू पेपर अंथरून त्यावर चमचाभर मोहरी पसरा. एका ग्लासच्या तोंडावर कांदा असा ठेवा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. तीन-चार दिवसांत मोहरीच्या इवल्या मुळांवर पांढरी लव दिसेल. पुष्कळ जण बुरशी लागली असं समजून बशी कचऱ्यात रिकामी करतात. ती बुरशी नाही. पाण्याचा फवारा मारा, लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते; कागद थोडा सुकला की पुन्हा उभी राहते. हे मूलरोम, म्हणजे मुळाच्या सालीतल्या एकेका पेशीने बाहेर काढलेलं बोट. आता कांद्याकडे पाहा. मुळं पांढरी, जाड, सुतळीसारखी आणि गुळगुळीत. लव जवळजवळ नाहीच, आणि मातीत लावलात तरी फारशी येत नाही.

मोहरी आणि कांदा दोघांनाही स्फुरद (फॉस्फरस) हवंच असतं. मग एकाकडे लव का आणि दुसऱ्याकडे का नाही? तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो.

मातीत अन्न असणं वेगळं आणि ते मुळापर्यंत पोचणं वेगळं. नत्राचं (नायट्रोजनचं) नायट्रेट पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहतं. झाडाने पाणी ओढलं की ते सोबत येतं, आणि धो-धो पाऊस झाला की मुळाखाली निघूनही जातं. स्फुरदाचं तसं नाही. ते मातीच्या कणांना, लोहाला, ॲल्युमिनियमला, चुन्याला घट्ट धरून बसतं आणि दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा सरकतं. मूळ आपल्या भोवतीचं स्फुरद एक-दोन दिवसांत उचलतं आणि मग त्याच्याभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा स्फुरद संपलेला पट्टा तयार होतो. पलीकडे माल आहे, पण येत नाही. अशा वेळी झाडापुढे पहिला मार्ग हा : आपणच तिथवर जायचं. मूलरोम त्यासाठीच. जाड मूळ वाढवण्यापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतकी बारीक नळी बाहेर काढणं कितीतरी स्वस्त पडतं.

स्वस्त हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. झाडाचं चलन साखर. पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतूनच खोड, फूल, बी आणि मूळ, सगळ्यांचा खर्च भागवायचा. मातीतून अन्न काढण्याची प्रत्येक पद्धत साखर मोजून विकत घेतलेली आहे. कुठल्याही रोपाने बसून ठरवलं नाही की आता लव वाढवू या. हजारो पिढ्यांत ज्यांचा खर्च वसूल झाला त्यांचं बी जास्त पडलं, इतकंच घडत गेलं.

कांद्याने हा खर्च दुसऱ्याला दिला आहे. त्याची मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायची, धुवायची आणि मग पेनातली शाई व्हिनेगरमध्ये मिसळून त्यात रंगवायची. (ही शाई-व्हिनेगरची रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी आम्ही महागडे आणि अपायकारक रंग वापरत होतो, त्यामुळे मुलांना प्रयोग हाताळू देताना धास्ती वाटायची.) सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली की मुळाच्या पेशींमध्ये निळे धागे धावताना दिसतात, आणि एखाद्या पेशीत शिरून धागा असा फुटतो, फांदीला फांदी, फांदीला फांदी, की पेशीभर एक इवलं निळं झाड उभं राहतं. पहिल्यांदा पाहणारी मुलं थोडा वेळ डोळा काढतच नाहीत. ही बुरशी. तिचे धागे मुळाबाहेर कित्येक सेंटिमीटर लांब जातात, मूळ आणि मूलरोम शिरू शकत नाहीत अशा फटींत शिरतात, आणि तिथून स्फुरद आणून त्या निळ्या झाडापाशी वनस्पतीच्या हाती देतात. बदल्यात वनस्पती आपल्या साखरेतला ४ ते २० टक्के वाटा देते. आणि नुसती साखर नाही, स्निग्ध पदार्थही. ही बुरशी ते स्वतः बनवूच शकत नाही, हे २०१७ मध्ये पक्कं झालं. या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली दिला.

आता तुमचं 'आल्या कुठून'. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या गारगोटीत सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशीन् पेशी शाबूत राहिल्या आहेत. त्यातल्या काहींना खरी मुळंच नाहीत, आडवं पसरलेलं खोड तेवढं आहे. पण त्या खोडाच्या पेशींत तीच फांद्या फुटलेली बुरशी आहे, आमच्या काचेवर दिसते तशी. म्हणजे मुळं नीट घडण्याआधीपासून ही भागीदारी होती. वनस्पती पाण्यातून उघड्या खडकावर आल्या तेव्हा खडक पोखरून खनिज काढण्याचं काम त्यांना एकट्यांना जमण्यासारखं नव्हतं. आजही वनस्पतींच्या सुमारे ७० टक्के जाती याच प्रकारच्या बुरशीशी जोडलेल्या आहेत.

मग मोहरी? तिच्या पूर्वजांकडेही हे होतं. तिने ते सोडलं. बुरशीला आत घेण्यासाठी लागणारी जनुकं मोहरीच्या कुळातून गळून गेली आहेत. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला नवं काहीतरी मिळवणं आठवतं, टाकून देणं आठवत नाही. पण माती थोडी सकस असेल, झाड झटपट वाढून बी टाकणारं असेल, तर भागीदाराला पोसण्यापेक्षा आपली लव आपण वाढवणं परवडतं. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर हे सगळे त्या वाटेने गेले. पालक, बीट, माठ, राजगिरा यांचं कूळ वेगळं, पण तेही तिथेच पोचलं.

इथे तुमच्या पावडरीचं उत्तर आलंच. पालक, मुळा, माठ यांच्या कुंडीत मायकोरायझा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. मिरची, टोमॅटो, वांगं, भेंडी, कांदा, जास्वंद यांना तिचा उपयोग होऊ शकतो, पण माती भुकेली असेल तरच. स्फुरद भरपूर असलं की झाड स्वतःच बुरशीला बोलावणं बंद करतं. मुळं भुकेली असताना स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात. त्या हाकेने बुरशीचे धागे मुळाकडे फांद्या फोडत येतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. पोट भरलेलं मूळ हाक मारत नाही. तुम्ही हाडांचा चुरा घालता ना? मग पावडर घेऊ नका. उलट चुराच वर्षभर थांबवा.

ही हाक आणखी एकाच्या कानावर पडते, आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला ते चांगलं माहीत आहे. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. त्याचं बी धुळीसारखं बारीक, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. ज्वारीच्या भुकेल्या मुळाने बुरशीला हाक मारली की ते जागं होतं, मुळाला चिकटतं आणि आयतं अन्न ओढू लागतं. या रसायनाला नावही टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरूनच (स्ट्रायगा) मिळालं. ते मुळातून वेगळं काढलं गेलं १९६६ मध्ये, पण झाड स्वतःच्या शत्रूला जागं करणारा पदार्थ का बनवतं हे कोडं सुटायला पुढे जवळपास चाळीस वर्षं लागली. आंब्यावरचं बांडगूळही असंच दुसऱ्यावर जगणारं, फक्त ते फांदीत घुसतं. पानं हिरवी असल्यामुळे साखर आपली आपण बनवतं. आंब्याकडून घेतं ते पाणी आणि खनिजं.

नत्राची गोष्ट वेगळी आहे, कारण खडकात स्फुरद असतं, नत्र जवळपास नसतं. ते आहे हवेत, हवेचा ७८ टक्के भाग, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कुठल्याही झाडाला ते तोडता येत नाहीत. ते फक्त काही जिवाणूंना जमतं. भुईमूग किंवा मुगाचं रोप फुलावर असताना हळूच उपटा, मुळावरची एखादी गाठ नखाने चिरा. आत मांसासारखा गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. जिवाणूचं नत्र तोडणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूने नासतं, आणि जिवाणूला श्वासाला प्राणवायू तर हवाच. म्हणून वनस्पती हे लाल द्रव्य बनवून प्राणवायू मोजूनमापून आत पोचवते. खर्च भारी आहे. नत्राच्या एका रेणूला ऊर्जेच्या सोळा मोहरा, म्हणजे एटीपीचे १६ रेणू.

ही गाठींची सोय सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे बुरशीच्या मानाने कालपरवाची. आणि ती नव्याने घडली नाही, जुन्या दारानेच आली. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना वाटाण्याची अशी वाणं सापडली ज्यांच्या मुळांवर गाठीही येत नव्हत्या आणि बुरशीही आत शिरत नव्हती. एकच कडी तुटली की दोन्ही पाहुणे दाराबाहेर. बुरशीला ओळखून आत घेण्याची जी यंत्रणा होती, तिचाच वापर पुढे जिवाणूंसाठी झाला. आणि खर्च न परवडल्यामुळे कित्येक कुळांनी ही सोय पुन्हा सोडून दिली, मोहरीने बुरशी सोडली तशीच.

भागीदारीत कामचुकारपणा होऊ शकतो, आणि झाडं तो खपवून घेत नाहीत. संशोधक टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्रवायू काढून तिथे आरगॉन भरला. जिवाणू तयार होते, पण देण्याजोगं काही बनवू शकत नव्हते. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथले जिवाणू मागे पडले.

मुंबईत हे पाहायला शेतात जायची गरज नाही. समुद्रकिनाऱ्यावरचा सुरू कडधान्यांच्या कुळातला नाही, पण त्याच्याही मुळांवर गाठी असतात, वेगळ्या जिवाणूंच्या. म्हणून तो नुसत्या वाळूत उभा राहतो. आणि तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी सायकसची जुनी कुंडी असेल तर बुंध्याजवळ वाका. मातीच्या वर पोवळ्यासारखे फाटे फुटलेल्या मुळांचे गुच्छ दिसतील. मुळं खाली जायची सोडून वर का येतात? एक तुकडा ब्लेडने आडवा कापा, आत निळसर हिरवं वर्तुळ दिसेल. ते नत्र पकडणारे हिरवे सूक्ष्मजीव. माझ्या माहितीत साध्या डोळ्याने दिसणारा याहून सुंदर पुरावा शहरात दुसरा नाही.

आणि बाजारात वाळूसकट मिळते ती समुद्रमेथीची इवली जुडी? ती वाळूतून जवळपास काहीच घेत नाही. आई-झाडाने बियात बांधून दिलेल्या शिदोरीवर तिचे ते थोडे दिवस निघतात. शिदोरी हीसुद्धा एक तऱ्हाच.

आता तूर. माझं या पिकावर विशेष प्रेम आहे. लाल मातीत स्फुरद असतं, पण लोहाने त्याला जखडलेलं असतं आणि बहुतेक पिकांना ते सुटत नाही. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या, हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या शेतांवर काम करणाऱ्या जपानी आणि भारतातल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला धरतं आणि स्फुरद मोकळं होतं. तुरीचा पाला गळून कुजला की त्यातलं स्फुरद पुढच्या पिकाला मिळतं. आपले शेतकरी तुरीचा बेवड चांगला म्हणतात, त्यामागे नत्राइतकाच हा सुटलेल्या स्फुरदाचाही वाटा आहे. हरभराही आम्लं सोडणारा. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतावर फडकं पसरून आंब धरतात, ती त्याच्या पानांवरची आम्लं. मुळंही त्याच घराण्यातली आम्लं मातीत सोडतात.

या रीतीचं टोक ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. तिथली माती इतकी जुनी आणि धुतलेली की बुरशीच्या लांब धाग्यांनाही आणायला काही उरलेलं नाही. तिथल्या बँक्सियासारख्या झाडांनी बुरशी सोडली आणि बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दाट मुळांचे झुबके काढले, जे काही दिवस आम्लांचा मारा करून चिकटलेलं स्फुरद खरवडून घेतात. या झाडांना स्फुरद नको म्हणायची सवयच राहिलेली नाही. साध्या बागेचं खत घातलं तर त्यातली कित्येक मरतात.

माती कोवळी असते तेव्हा स्फुरद असतं पण नत्र नसतं. पुढे जिवाणूंमुळे नत्र साठत जातं, आणि लाखो वर्षांच्या पावसाने स्फुरद धुपून किंवा जखडून संपत जातं. मृदाशास्त्रज्ञ वॉकर आणि सायर्स यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. म्हणून कोवळ्या मातीत गाठीवाले पुढे, मधल्या वयात बुरशीवाले, अति जुन्या मातीत आम्लवाले. हा नियम नाही, कल आहे. एकाच जंगलात तिन्ही शेजारी शेजारीही असतात.

आणि माती जवळपास नसेलच तर? पावसाळ्यात कासच्या पठारावर जाल तेव्हा निळी सीतेची आसवं गालिच्यासारखी पसरलेली दिसतील. खाली जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बोटभर माती, सतत पाणी साचलेलं. या वनस्पतीला मूळ नाहीच. ओल्या मातीत तिच्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, आणि सूक्ष्म जीव झडपेला टेकला की सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात तो आत ओढला जातो. शेजारी दवबिंदू चिकट केसांनी किडे धरतो. किडे पकडणं सर्वात महागडी तऱ्हा, कारण पिशव्या-केस बनवण्यात पान वाया जातं. ऊन आणि पाणी मुबलक आणि फक्त खनिज कमी, अशाच जागी ती परवडते. सावलीच्या जंगलात म्हणूनच ती सहसा दिसत नाही.

तिवरांबद्दल एकच. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात अन्न कमी नाही, प्राणवायू कमी आहे. तिवराची मुळं वरून घेतलेला प्राणवायू आजूबाजूच्या चिखलात झिरपू देतात, म्हणून मुळांवर लोहाचा तांबूस लेप चढतो. काळ्या चिखलातलं मूळ धुतलंत तर तो लेप दिसेल.

आता जास्वंद. तुम्ही लिहिलंत की नवी पानं पिवळी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची टंचाई. नत्र कमी असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती. लोह तुमच्या मातीत नक्की आहे, मुंबईच्या आसपासच्या काळ्या खडकात ते भरपूर असतं. पण सोसायट्यांत भरावासाठी येणाऱ्या मातीत प्लास्टर-सिमेंटचं डेब्रिज मिसळलेलं असतं, त्यातला चुना माती अल्कधर्मी करतो आणि लोह विरघळतच नाही. जास्वंदीसारखी झाडं मुळातून आम्ल सोडून लोह सोडवतात, चुना ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतो. गवतांनी दुसरी वाट काढली आहे. ती लोहाला चिमट्यासारखं धरणारं द्रव्य सोडतात आणि लोह त्या चिमट्यासकट आत घेतात. चुन्याचा त्याला तेवढा अडथळा होत नाही. जपानमध्ये ताकागी यांनी हे १९७६ मध्ये शोधलं. गवताच्याच कुळातली बार्ली हा चिमटा दिवसभर सोडत नाही, सूर्योदयानंतरच्या काही तासांतच एकदम सोडते. गवती चहा हे गवतच आहे, म्हणून त्याच मातीत तो टवटवीत. तुमचा हाडांचा चुरा आगीत तेल ओततोय : त्यात चुना आहे आणि जास्तीचं स्फुरद लोहाला आणखी जखडतं. कुंडीतली अर्धी माती काढा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि डेब्रिज नसलेली तांबडी माती भरा, आणि चिलेटेड लोह, म्हणजे अशाच चिमट्यात धरलेलं लोह, पुडीवरच्या मात्रेत एकदा द्या. महिन्याभरात नवी पानं काय सांगतात ते पाहा.

मुळाला कळतं का कुठे काय आहे? एका अर्थी हो. १९७५ मध्ये माल्कम ड्रू यांनी बार्लीच्या मुळाच्या फक्त मधल्या पट्ट्याला नायट्रेट दिलं; त्या पट्ट्यात उपमुळांची झुंबड उडाली, वर-खाली तुरळक राहिली. मूळ आधी पोचतं, चव घेतं, आणि जिथे मिळतं तिथे पसरतं.

टाकीवरचा पिंपळ तेच करतोय. लाकूड जाळा, मुठीत मावेल एवढी राख उरते. नत्र धुरात जातं, बाकी खनिजं ती राख. बाकी सगळं लाकूड हवा आणि पाणी. त्यामुळे टाकीची झिरप, पक्ष्यांची विष्ठा, फटीतली धूळ आणि शेवाळ एवढ्यावर तो तग धरतो. पण वर फारसा वाढत मात्र नाही, त्याच वयाचा जमिनीतला पिंपळ शेजारी उभा केलात तर फरक दिसेल. त्याची सगळी साखर मुळात चालली आहे, ते मूळ सांधा-सांध्यातून जमीन शोधत खाली येतंय, आणि ते तुमच्या टाकीला फोडेल. नुसता शेंडा छाटू नका, पुन्हा फुटेल. पाऊस लागला की सांधा मऊ होतो. तेव्हा चार-सहा पानांचं रोप असेल तर मुळासकट सोडवून घ्या, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळा आणि एखाद्या मोठ्या झाडाखालची दोन मुठी माती मिसळून पिशवीत लावा. त्या मातीत त्याची बुरशी आधीच आहे, विकत घ्यायला नको.